वांगी रंगाची ऑर्डर

सकाळी ८. चप्पल लाइनीतल्या एका दुकानातून आलेली ऑर्डर. कोल्हापुरीचा एक जोड, आणि सोबत पैठणीच्या काठाजवळच्या कापडाची चिंधी. रंग वांगी, हाच हवा. असलं काम मी दारात बसून, दिवसाच्या उजेडातच करतो. ट्यूबलाइटखाली जुळलेला वांगी बाहेर नेला की मरून दिसतो.

८.३०. कातडं पाठीचं घेतलं. पोटाकडचं सैल असतं, रंग जास्त पितं. दोन्ही पायांचे पट्टे शेजारी शेजारी कापले, नाहीतर डावा-उजवा वेगळा दिसतो. स्पिरिटचा बोळा फिरवून तेलकटपणा काढला.

९ ते ११.३०. सिरिंजनं लाल, निळा, वर स्पिरिट. पांढऱ्या कागदावर थेंब टाकला, झकास वांगी. त्याच कातड्याच्या तुकड्यावर टाकला, चॉकलेटी! बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं मुळातच पिवळट असतं आणि पिवळा जांभळ्याला मारतो. डाय पारदर्शक, खालचं झाकत नाही. झाकणारा पेंट मिळतो, पण घडीवर तडकतो. म्हणून निळा वाढवायचा, थेंबाथेंबानं, प्रत्येक थेंब वहीत मांडून. काळ्याला हात लावायचा नाही. रंग गडद होतो, पण मेलेला. शिवाय ओला तुकडा बघून ठरवता येत नाही. तो वाळतो, फिकटतो. तेल दिलं की पुन्हा गडद होतो. तेवढं सगळं झाल्यावरच चिंधीशेजारी धरायचा. लोक म्हणतात, रंगच तर लावायचाय!

१२. आता लावणं. पातळ हात, उभा, वाळला की आडवा. फोन वाजला तर वाजू दे, पट्ट्याच्या मध्ये थांबलं की तिथं रेघ उमटते.

ओल्या कातड्याजवळ लोखंड नको, सालीतल्या टॅनिनमुळे काळा डाग पडतो. काळं कातडं हवं असेल तर हाच डाग मुद्दाम पाडतात, गंजके खिळे व्हिनेगरमध्ये भिजवून.

२. जेवण. पट्टे सावलीत, उन्हानं कातडंच काळवंडतं.

४. पांढऱ्या फडक्यानं घासणं, फडक्याला रंग लागायचा थांबेपर्यंत. हे टाळलं तर घामानं पाय जांभळे. मग तेल, कडा, पॉलिश.

६. पैठणीवाल्या ताई स्वतः बघायला आल्या. दारात जाऊन चिंधी लावून बघितली.

"मामा, लेकीलाही असाच एक जोड करा की."

"करू. रंग उरलाय, पण कातडं दुसरं येणार. ते बघून सांगतो."