मिठातले आयोडीन कुठे जाते?

आयोडीनयुक्त मिठाच्या बहुतेक पुड्यांवर बारीक अक्षरांत 'पोटॅशियम आयोडेट' असे छापलेले असते. "डॉक्टर, आयोडाइड का नाही?" असे दहावीतल्या एका मुलाने मला विचारले. प्रश्न शाळेचा असला तरी उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे.

आयोडाइडचे सूत्र 'केआय'. त्यात पोटॅशियमचा ऑक्सिडीकरण अंक +1, तर आयोडीनचा −1. मीठ ओले झाले, ऊन लागले, त्यात अशुद्ध क्षार असले, की हवेतला ऑक्सिजन आयोडीनचा जादा इलेक्ट्रॉन काढून घेतो. अंक शून्यावर येतो, म्हणजे आयोडीन मोकळे होते आणि उडून जाते. आयोडेटचे सूत्र 'केआयओ-3'. तीन ऑक्सिजनचे मिळून −6, पोटॅशियमचा +1, म्हणून आयोडीनचा +5. त्याचे ऑक्सिडीकरण आधीच झालेले असल्याने हवा त्याचे सहजासहजी काही बिघडवत नाही. म्हणून आपल्या उष्ण देशात मिठात आयोडेट घालतात. पोटात गेल्यावर शरीर त्याचे पुन्हा आयोडाइड करते आणि थायरॉइड ग्रंथी ते उचलते.

आयोडीन कमी पडले की गलगंड होतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण मोठे नुकसान होते ते गर्भातल्या बाळाचे. त्याच्या मेंदूची वाढ खुंटते, ती पुढे औषधाने भरून येत नाही. मोठ्या माणसाला रोज सुमारे 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, गरोदरपणी 250. आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या भगिनी गरोदरपणातही कित्येक महिने कोपीवर राहतात. त्यांच्या शिध्यात आयोडीनयुक्त मिठाची पुडी असलीच पाहिजे.

खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास 17 मे 2006 पासून देशभर बंदी आहे. म्हणून सुटे मीठ स्वस्त दिसले तरी घेऊ नका. खडे मीठ धुऊन वापरू नका. पाण्याबरोबर आयोडीनही जाते. उपवासाचे सैंधव रोजच्या जेवणाला पुरेसे आयोडीन देत नाही. मीठ झाकणाच्या कोरड्या बरणीत, चुलीपासून व उन्हापासून दूर ठेवा. भाजीत ते शेवटी टाकलेले बरे.

मात्र आयोडीन मिळावे म्हणून मीठ वाढवू नका. दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा पुरे. रक्तदाब असणाऱ्यांनी तर हात आखडताच ठेवावा.