उन्हाळी संशोधनाला अरुणावतीचा काठ

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला सुटीत संशोधन करायचे असेल, तर बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमींची दोन महिन्यांची उन्हाळी संशोधनवृत्ती हा सर्वांत परिचित मार्ग. निवड झालेला विद्यार्थी एखाद्या नामवंत संस्थेत शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करतो. योजना उत्तमच आहे. पण गोड्या पाण्याच्या संवर्धनापुरते बोलायचे, तर आर्णीच्या विद्यार्थ्याने गावातच राहून अरुणावतीवर काम करणे तितकेच मोलाचे आहे, आणि त्या कामालाही विद्यावेतन मिळायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

अरुणावती वाशीम जिल्ह्यातून येते, दिग्रसजवळ धरणात अडते आणि आर्णीवरून पुढे पैनगंगेला मिळते. उन्हाळ्यात अशा नद्यांत पाणीच नसते, मग अभ्यास कशाचा, असे कोणीही विचारील. अभ्यास नेमका त्याच दिवसांचा करायचा आहे. धार तुटली की नदीतले मासे, शिंपले, चतुरांची पिल्ले उरल्यासुरल्या डोहांत गोळा होतात. पुढच्या पावसाळ्यात नदी पुन्हा जिवंत होते, ती बरीचशी त्यांच्याच जोरावर. मे अखेरीस कोणता डोह टिकला, कोणता सांडपाण्याने कुजला, कोणता मोटारींनी उपसला गेला, हे ठाऊक नसेल तर संवर्धन करायचे तरी कशाचे?

इथेच स्थानिक विद्यार्थ्याचे पारडे जड होते. रात्री पाणवनस्पती आणि शेवाळ प्राणवायू तयार करत नाहीत, उलट वापरतात. म्हणून डोहातला विरघळलेला प्राणवायू सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत कमी असतो. शहरातून गाडीने आलेला तज्ज्ञ अकरा वाजता नमुना घेतो, तेव्हा पाणी बरे दिसते. काठावर राहणारा विद्यार्थी झुंजुमुंजू होताच बाटली बुडवू शकतो. बुडबुडा न राहू देता ती भरायची, मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घालायचे. साका तपकिरी आला तर प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर जवळपास नाही. मग दगड उलटून पाहायचा. खाली फक्त लालभडक अळ्या वळवळत असतील, तर त्यांच्या अंगातले हिमोग्लोबिनच त्यांना तिथे तगवते आहे. मरळ सापडली म्हणूनही डोह निरोगी ठरत नाही, कारण ती वर येऊन हवेतला प्राणवायू घेते.

पदवीच्या मुलांनी घेतलेल्या नोंदींवर भरवसा कसा ठेवायचा, ही शंका रास्त आहे. पण एकाच डोहावर, ठरल्या वेळी, ठरल्या पद्धतीने मोजायचे आणि काही नमुने विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पडताळायचे, एवढी शिस्त पाळली तर चुका पकडता येतात. शिवाय भोई मच्छीमारांची माहिती हाताशी असते. भंडारा-गोंदिया भागात मनीष राजनकर आणि ढीवर समाजाने तलावांतली बेशरम काढून देशी पाणवनस्पती लावल्या, तेव्हा कोणता मासा कोणत्या वनस्पतीजवळ अंडी घालतो हे ढीवरांचेच ज्ञान कामी आले.

पैशाची अडचण मात्र खरी आहे. कापसाच्या पट्ट्यातली अनेक मुले सुटीत शेतात किंवा दुकानात राबतात. विनामोबदला संशोधन त्यांना परवडणारे नाही. विद्यावेतन नसेल तर ही संधी सुखवस्तू घरांपुरतीच राहील, आणि पहाटे नदीवर जाणे ज्यांना सर्वांत सोपे तीच मुले बाहेर राहतील. जमलेल्या नोंदी प्रमाणपत्रासोबत कपाटात जाऊ नयेत. जैवविविधता कायदा, 2002 नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. अरुणावतीच्या डोहांची पाने आर्णी नगरपरिषदेच्या नोंदवहीत जावीत, आणि दरवर्षी जूनपूर्वी पुढच्या तुकडीने ती उघडून तेच डोह पुन्हा मोजावेत.