प्रश्नापासून आरंभ होणारे अध्ययन

सुरतेच्या दक्षिणेस उधना आणि सचीन यांच्या दरम्यान भेस्तान हे रेल्वे स्थानक लागते. या भागात यंत्रमागांवर उपजीविका करणाऱ्यांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबेही आहेत. वर्षानुवर्षे ‘लूम’वर काम केलेला माणूस घरीही मोठ्याने बोलतो. त्याची मुले महाविद्यालयात ध्वनीचे प्रकरण पाठ करून उत्तीर्ण होतात. परंतु त्या प्रकरणाचा वडिलांच्या बोलण्याशी संबंध असल्याचे त्यांना सहसा कोणी दाखवून देत नाही.

समस्याधिष्ठित अध्ययनात प्रश्न आधी येतो, पुस्तक नंतर. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ साली वैद्यकीय शिक्षणात ही पद्धती अवलंबिली. त्याच वर्षी सेवाग्राम येथे सुरू झालेल्या महात्मा गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थेची वाट निराळी, पण दिशा तीच. तेथील विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, शिबिरात राहते आणि नेमून दिलेल्या कुटुंबांच्या आरोग्याची पुढेही विचारपूस करते. महाराष्ट्रात २०१६ पासून उन्नत महाराष्ट्र अभियानाने अभियांत्रिकी महाविद्यालयांना पाणीपुरवठ्यासारख्या स्थानिक प्रश्नांच्या अभ्यासाकडे वळविले.

भेस्तानसारख्या ठिकाणी प्राध्यापकांनी एवढेच विचारावे : मागावरील कामगाराला कमी का ऐकू येते, आणि त्यावर उपाय कोणता? पाच-सहा विद्यार्थ्यांच्या गटाने प्रथम आपणास काय ठाऊक नाही याची यादी करावी. मग शोध सुरू होतो. आठ तासांच्या पाळीसाठी कारखान्यात ९० डेसिबलची मर्यादा आहे. पाळी बारा तासांची असल्यास काय? तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा सुमारे दुप्पट होते. लघुगणकाचे महत्त्व येथे जसे कळते तसे फळ्यावरील गणितांनी क्वचितच कळत असेल. अंतःकर्णातील केशपेशी नष्ट झाल्यास पुन्हा निर्माण होत नाहीत, हे जीवशास्त्र सांगते. परंतु कानाचे बोळे स्वस्त असूनही कामगार ते का वापरीत नाही? उकाड्यामुळे, की मागाचा बिघडलेला आवाज ऐकू न आल्यास कापड खराब होऊन मजुरी कापली जाईल म्हणून? याचे उत्तर कामगारालाच विचारावे लागते.

शिक्षकाने उत्तर सांगण्याची घाई करू नये. हा संयम व्याख्यानाहून अवघड आहे. मोजणीस मालकाची अनुमती लागते, ती मिळविण्याचे काम मात्र विद्यार्थ्यांवर न सोपविता प्राचार्यांनी करावे. वार्षिक परीक्षेत केवळ व्याख्याच विचारल्या जाणार असतील, तर विद्यार्थी या खटाटोपात पडणार नाहीत, आणि त्यांना दोषही देता येणार नाही. म्हणून या कामास गुण असावेत. गटाचा अहवाल कामगारांच्या वस्तीत, त्यांच्या भाषेत वाचून दाखविल्यानंतरच ते द्यावेत.