धुळीचा पत्ता

व्हॅक्युम क्लीनर घ्यायला दुकानात गेलं की विक्रेता पहिला आकडा सांगतो तो वॅटचा. ‘सोळाशे वॅट आहे साहेब, गादीतलं सगळं ओढून काढतो.’ आकडा खोटा नसतो, पण तो यंत्र वीज किती खातं ते सांगतो, केर किती उचलतं ते नाही. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१४ पासून घरगुती व्हॅक्युम क्लीनरवर १६०० वॅटची मर्यादा घातली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये ती ९०० वर आणली. तिकडच्या कितीतरी घरांत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचा असतो, आणि तरीही ९०० वॅटमध्ये भागतं. आपल्या फरशीसाठी १६०० कशाला, हा प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारावा.

त्याच संघाने यंत्रांना फ्रिजसारखं वीजबचतीचं लेबलही लावलं होतं. चाचणी घेताना पिशवी मात्र रिकामी असायची. बिनपिशवीची यंत्रं विकणारी डायसन कंपनी त्यावर न्यायालयात गेली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये ते लेबल रद्द झालं. डायसनचा त्यात स्वार्थ होता हे उघड आहे, पण म्हणणं रास्त होतं. पिशवी रिकामी असते ती पहिल्या दिवशी.

आत घडतं ते साधंच आहे. पंखा आतली हवा मागच्या बाजूने बाहेर फेकतो, आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा तोंडातून आत घुसते. वाटेत सापडेल तो केर बरोबर नेते. म्हणजे बघायच्या गोष्टी दोन, दाबातला फरक आणि हवेचा प्रवाह. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेले किलोपास्कल बहुतेक वेळा तोंड पूर्ण बंद करून मोजलेले असतात. त्या स्थितीत दाबातला फरक सर्वांत जास्त असतो आणि प्रवाह शून्य. प्रवाह नाही तर केरही नाही.

दुकानात चालू यंत्राच्या नळीवर तळहात ठेवून बघा. आवाज एकदम चढतो, शिट्टीसारखा होतो. मोटरवर ताण आला असं आपल्याला वाटतं, पण झालेलं असतं उलट. ढकलायला हवाच उरली नाही म्हणून पंख्यावरचा भार कमी होतो आणि मोटर सुसाट पळते. धोका वेगळाच आहे. पुष्कळ यंत्रांत मोटरला गार ठेवणारी हवाही हीच असते. ती थांबली की मोटर तापते आणि यंत्र मध्येच बंद पडतं. घरी काम करताना असा आवाज चढला तर बटण फिरवून जोर वाढवू नये. यंत्र बंद करून आधी पिशवी बघावी, मग फिल्टर, मग नळी. नळीत बहुधा मोजा निघतो.

वॅटवरून आणखी एक घरगुती हिशेब. ६ अँपिअरच्या साध्या पॉइंटवर २३० व्होल्टला १३८० वॅटपर्यंतच उपकरण चालवावं. १६०० वॅटच्या यंत्राला १६ अँपिअरचा पॉइंट लागतो, आणि तो आपल्याकडे असतो गीझरपाशी, एसीपाशी, वॉशिंग मशीनमागे. म्हणून घरातल्या पॉइंटपासून पलंगाच्या पलीकडच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर आधी मोजावं आणि मगच वायरची लांबी विचारावी. गुंडाळली जाणारी वायर असेल तर तिच्यावर पिवळी खूण दिसेपर्यंत ती बाहेर काढावी, कारण गुंडाळीत राहिलेली वायर तापते. लाल खूण दिसली की मात्र ओढणं थांबवायचं.

हे यंत्र मुळात गालिच्यासाठी जन्माला आलं. ह्यूबर्ट सेसिल बूथ हा लंडनचा इंजिनिअर, पुलांचा आणि जत्रेतल्या अजस्र पाळण्यांचा. हवा फुंकून धूळ उडवणाऱ्या एका यंत्राचं प्रात्यक्षिक त्याने पाहिलं आणि फुंकण्याऐवजी ओढली तर, असा विचार केला. १९०१ मध्ये त्याने पेटंट घेतलं. त्याचं यंत्र घोडागाडीवरून यायचं, रस्त्यात उभं राहायचं आणि नळ्या खिडक्यांतून आत जायच्या. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे याच यंत्राने साफ केले.

घरात मावणारं यंत्र मात्र एका झाडूवाल्याने केलं. अमेरिकेत ओहायोमधल्या कँटन गावी जेम्स मरी स्पँगलर एका मोठ्या दुकानात झाडलोट करायचा. त्याला दमा होता आणि झाडताना उडणाऱ्या धुळीने तो उसळायचा. १९०७ मध्ये त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून स्वतःपुरती सोय केली. १९०८ मध्ये पेटंट मिळालं, आणि जवळच्याच गावचा चामडी सामानाचा कारखानदार विल्यम हूवर याने ते विकत घेतलं. नाव हूवरचं झालं.

आपल्याकडे गालिचे नव्हते. शहाबादी, कोबा, मोझॅक आणि आता टाइल्स, आणि त्यावर रोज केरसुणी, रोज ओलं फडकं. तिथे हे यंत्र विकायचं कसं? १९८२ मध्ये टाटा समूहातली फोर्ब्स आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स यांच्या भागीदारीतून युरेका फोर्ब्स उभी राहिली आणि तिचे टाय लावलेले तरुण दारोदार ‘युरोक्लीन’ घेऊन फिरू लागले. फरशीच्या वाटेला ते फारसे गेले नाहीत. ते गादी मागायचे. नुकतीच झटकलेली, स्वच्छ चादर घातलेली गादी. तिच्यावर नळी फिरवायची आणि निघालेली करडी भुकटी घरच्यांसमोर धरायची. मध्यमवर्गीय गृहिणीला याहून मोठा धक्का त्या काळात कोणी दिला नसेल. विक्रीची युक्ती म्हणून आपण तिला हसतो, पण धुळीचा पत्ता त्या मुलांनी बरोबर काढला होता.

गादीतल्या त्या भुकटीत आपल्याच कातडीचे कण असतात आणि त्यांवर जगणारे, जेमतेम पाव ते तृतीयांश मिलिमीटरचे कोळ्याच्या जातीचे जीव, म्हणजे धूळकिडे. घरातल्या धुळीच्या ॲलर्जीचं मूळ यांच्यात आहे, हे १९६४ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या फोरहोर्स्ट आणि स्पिक्समा यांनी दाखवलं. हा जीव पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषतो. म्हणून कोकणातला आणि मुंबईतला पावसाळा त्याला मानवतो. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेच्या कणांचा. हे कण तुलनेने जड असतात आणि गादी निवांत असेल तर खालीच बसून राहतात. आपण गादी बडवतो तेव्हा ते उडतात आणि बडवणाऱ्याच्या नाकात जातात.

यंत्र हे कण आणि कातडीची भुकटी उचलतं. जिवंत किडा कापसाला घट्ट धरून बसलेला असतो, तो फारसा हलत नाही. त्याला मारतं ते कोरडं ऊन, आणि चादरी-अभ्र्यांच्या बाबतीत ६० अंशांचं पाणी. म्हणून क्रम असा ठेवावा: ऑक्टोबरच्या कडक उन्हात गाद्या दोन्ही अंगांनी तापू द्यायच्या आणि घरात घेतल्यावर त्यांवर यंत्र फिरवायचं. दिवाळीआधी गच्चीवर गाद्या टाकण्याची आपली जुनी पद्धत या बाबतीत अगदी शास्त्रशुद्ध आहे. यंत्राने तिची जागा घेऊ नये, तिच्यामागून यावं. यंत्राचं गादीसाठीचं तोंड लहान आणि चपटं असतं. ते इस्त्रीपेक्षाही सावकाश, एकदा उभं, एकदा आडवं न्यायचं. धूळ सपाटीवर कमी आणि कडेच्या शिवणीत, टाके घालून दाबलेल्या खळग्यांत जास्त असते. तिथे दोन-चार क्षण थांबायचं.

आता फिल्टर, कारण खरे पैसे इथे मोजायचे. ओढलेली हवा पुन्हा खोलीतच येते. फिल्टर फाटका किंवा सैल असेल तर यंत्र जमिनीवरची बारीक धूळ नाकाच्या उंचीवर आणून सोडतं. अमेरिकी व्याख्येप्रमाणे हेपा फिल्टरने ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवले पाहिजेत. खोक्यावर ‘हेपा टाइप’ लिहिलं असेल तर त्या शब्दाला काही बंधन नाही. आणि फिल्टर कितीही चांगला असला तरी झाकणाच्या फटीतून हवा निसटत असेल तर उपयोग शून्य. घरी रात्री दिवे घालवून, यंत्र चालू करून सांध्यांवर आणि मागच्या जाळीवर टॉर्चचा झोत तिरका टाका. धूळ निसटत असेल तर त्या झोतात नाचताना दिसते. धुण्याजोगा फिल्टर पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नये. पावसाळ्यात तो दोन-दोन दिवस वाळत नाही आणि मग घरभर कुबट वास सुटतो.

दिवाळीत काही गोष्टी यंत्राला देऊ नयेत. फटाक्यांच्या कचऱ्यात न जळलेली दारू असते, धूपपात्रातल्या राखेत निखारा लपलेला असतो. रांगोळी आधी पुठ्ठ्याने भरून घ्यावी. रंगकाम, पीओपी, ड्रिलचा चुरा ही तर घरगुती फिल्टरची मरणंच. छिद्रं बुजतात ती बुजतातच.

कुठलं घ्यावं? जागा असेल तर मला ओला-सुका ओढणारा, पिंपासारखा दिसणारा प्रकार आवडतो. दिसायला ओबडधोबड, पण बाल्कनीत साचलेलं पाणीही उचलतो. पाणी ओढण्याआधी धुळीची पिशवी काढून स्पंजचा फिल्टर चढवायला तेवढं विसरू नये. बिनवायरचा हलका प्रकार रोजच्या कामाला सुखाचा, पण पूर्ण जोरावर लावला की बॅटरी मिनिटांत उतरते आणि काही वर्षांनी नवी घ्यावी लागते. ज्यांत फिरता ब्रश असतो तो बंद करता यायला हवा. गालिच्याचं ते अवजार फरशीवर सांडलेला साबुदाणा भिंतीपर्यंत उडवतं. रोबो आमच्या घरांत अडतो तो उंबरठ्याला आणि खालून बंद असलेल्या बॉक्सच्या पलंगांना. शिवाय लांब केस त्याच्या ब्रशला असे गुंडाळतात की कात्री घेऊन बसावं लागतं.

तरीही ही यंत्रं शेवटी माळ्यावर जातात. दसऱ्याला स्कूटरला हार, लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीला हळदकुंकू, आणि हे बिचारं खोक्यात. सगळे जडपणाला आणि आवाजाला दोष देतात. मला कारण वेगळं दिसतं. यंत्र घेणारा एक आणि झाडणारी दुसरी. कामाला येणाऱ्या मावशी पदर नाकाला लावून जळमटं काढतात, पंखे पुसतात, आणि घरची बाई म्हणते, ‘मावशी, मशिन राहू द्या, रविवारी मी करीन.’ बिघडेल ही भीती. तो रविवार येत नाही. दम्याच्या झाडूवाल्याने स्वतःसाठी केलेली वस्तू आपल्याकडे झाडणाऱ्याच्या हाती पडतच नाही. मग तो पैसा गेलाच म्हणायचा. वापरायला शिकवायला अर्धा तास पुरतो. सरकणारी नळी झाडणारीच्या उंचीला जुळवली तर कंबरेत वाकावं लागत नाही, आणि केरसुणीपेक्षा हे बरं असं मावशींना वाटलं तर ते यामुळेच. म्हणून निवड करायला जाताना जमलं तर त्यांनाच बरोबर न्यावं आणि नळी त्यांच्या हातात देऊन बघावी.