नागोयाच्या हिवाळ्याचा अंदाज कसा वाचावा?



आपल्यापैकी ज्यांचे बालपण अलिबाग, पेण, पनवेल अथवा मुंबईच्या चाळींत गेले, त्यांच्या आठवणीतील थंडी म्हणजे पहाटेची गोधडी आणि अंगणातील शेकोटी. मुंबईत सांताक्रूझ येथे २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर उतरला होता. तेथील हा नीचांक आजही अबाधित आहे. इस्राएलला आल्यावर आपण बर्फ पाहिला. फेब्रुवारी १९५० मध्ये तर तो तेल अवीवच्या वाळूवरही पडला. डिसेंबर २०१३ मध्ये यरुशलेमचे रस्ते बंद पडले आणि कित्येक घरांतील वीज गेली, तेव्हा बर्फाचे कौतुक दोन दिवसांत कसे ओसरते, याचाही अनुभव आपण घेतला.

आता आपली मुले-नातवंडे शिक्षणासाठी व नोकरीसाठी दूरदूरच्या देशी जातात. मोटारींच्या कारखान्यांमुळे प्रसिद्ध असलेल्या जपानच्या नागोया परिसरात कोणाचा मुलगा किंवा पुतणी गेली असेल, तर दूरध्वनीवर आईचा पहिला प्रश्न ठरलेला : "तिकडे बर्फ पडतो का रे?" आणि उत्तरही ठरलेले : "नाही गं आई, इथे फारसा नाही पडत." हे उत्तर खोटे नाही, परंतु ते अर्धेच आहे. राहिलेल्या अर्ध्या भागाविषयी आज आम्ही चार शब्द लिहीत आहोत.

प्रथम आकडे पाहू. नागोयाचे जानेवारीचे सरासरी तापमान ४.८ अंश सेल्सिअस आहे. पहाटे पारा सरासरी १ अंशाच्या आसपास असतो. दिवसा बहुधा स्वच्छ ऊन पडते. उत्तरेकडील साप्पोरो शहरात एका हिवाळ्यात सुमारे पाच मीटर बर्फ पडतो. त्यापुढे नागोयाची थंडी सौम्यच म्हणावी लागेल. परंतु याच नागोयात २४ जानेवारी १९२७ रोजी पारा उणे १०.३ अंशांपर्यंत उतरला होता, आणि १९ डिसेंबर १९४५ रोजी, युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या या शहरावर ४९ सेंटिमीटर बर्फ साचला होता. अलीकडे १९ डिसेंबर २००५ रोजी २३ सेंटिमीटर, आणि १८ डिसेंबर २०१४ रोजी पुन्हा तितकाच बर्फ साचला.

एरवी कोरड्या राहणाऱ्या शहरावर असा बर्फ अकस्मात का कोसळतो? हिवाळ्यात सैबेरियावर जड, थंड हवेचा मोठा साठा तयार होतो. ती हवा वाऱ्याबरोबर जपानकडे धावते. वाटेत जपानचा समुद्र लागतो. त्याचे पाणी त्या हवेच्या मानाने पुष्कळ उबदार असल्याने कोरडी हवा तेथे बाष्प पिऊन घेते आणि ढगांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहतात. जपानच्या मधोमध असलेले डोंगर हे ढग अडवितात. त्यामुळे डोंगरापलीकडे बर्फाचे ढीग पडतात, तर अलीकडे प्रशांत महासागराच्या बाजूला ऊन असते. आपल्या सह्याद्रीचीही हीच रीत आहे. कोकणात मुसळधार पाऊस पडतो आणि घाटमाथा ओलांडला की देश कोरडा असतो.

नागोयाच्या बाबतीत मात्र डोंगराच्या या भिंतीला एक खिंड आहे. शहराच्या वायव्येला १,३७७ मीटर उंचीचा इबुकी पर्वत आणि त्याच्या दक्षिणेकडील सुझुका डोंगररांग यांच्यामध्ये सेकिगाहाराची अरुंद वाट आहे. वारा उत्तरेचा असेल तर डोंगर नागोयाला राखतात. तो पश्चिम-वायव्येकडे वळला की ढग या खिंडीतून थेट नागोयाच्या मैदानात उतरतात. ढग आले नाहीत तरी बोचरा कोरडा वारा येतोच. त्याला तेथील लोक 'इबुकी-ओरोशी' म्हणतात. या इबुकी पर्वतावर १४ फेब्रुवारी १९२७ रोजी ११ मीटर ८२ सेंटिमीटर बर्फ मोजला गेला. हवामानाच्या केंद्रावर मोजलेल्या हिमथराचा तो जागतिक उच्चांक मानला जातो. नागोयाच्या शेजारी काय दडलेले आहे, याची कल्पना यावरून यावी.

आता अंदाजाकडे वळू. जपानचे हवामान खाते दर वर्षी सप्टेंबरमध्ये हिवाळ्याचा पहिला अंदाज प्रसिद्ध करते आणि पुढे दर महिन्याला तीन महिन्यांचा अंदाज देते. त्यात "अमुक दिवशी बर्फ पडेल" असे काहीही नसते. तापमान नेहमीपेक्षा कमी, नेहमीइतके अथवा जास्त राहण्याची शक्यता किती टक्के, एवढेच त्यात सांगितलेले असते. तिन्ही आकडे तिसाच्या आसपास असतील, तर खात्याचे मत कोणत्याही बाजूला झुकलेले नाही, असे समजावे. शिवाय बर्फाच्या प्रमाणाचा हंगामी अंदाज मुख्यतः जपान समुद्राच्या बाजूसाठी असतो. खिंडीतून नागोयावर येणारा एका रात्रीचा बर्फ त्या कागदावर दिसतच नाही.

आणि अंदाज चुकतोही. २००५ साली हिवाळा उबदार जाण्याचा कल वर्तविला गेला होता. प्रत्यक्षात त्या वर्षीचा डिसेंबर पूर्व व पश्चिम जपानमध्ये १९४६ पासूनच्या नोंदींतील सर्वांत थंड डिसेंबर ठरला. त्या हिवाळ्यात बर्फामुळे देशभरात १५२ माणसे दगावली. त्यांतील पुष्कळजण वृद्ध होते, आणि घराच्या छपरावरील बर्फ काढताना त्यांच्यावर मृत्यू ओढवला. ज्या प्रांतांना बर्फाची पिढ्यान्‌पिढ्या सवय, तेथे ही गत. मग ज्या शहराला सवयच नाही, त्याने किती जपावे!

म्हणून हंगामी अंदाज वाचून निर्धास्त होऊ नये. खात्याची दुसरी एक सूचना अधिक उपयोगाची आहे. पुढील सहा ते चौदा दिवसांत दहा वर्षांतून एखादे वेळी पडावी अशी थंडी पडण्याची शक्यता ३० टक्के वा अधिक दिसली, तर खाते आगाऊ इशारा देते. या सूचनेचा विचार दर सोमवारी व गुरुवारी होतो. त्यानंतर रोजचा अंदाज पाहावा. सुमारे ५,५०० मीटर उंचीवर उणे ३६ अंशांची हवा येणार, असे शब्द कानी पडले की मोठ्या बर्फाची शक्यता धरून चालावे.

अशा वेळी मोटार घेऊन सेकिगाहाराच्या बाजूस जाऊ नये. जानेवारी २०२४ मध्ये त्या भागातील महामार्गावर शेकडो वाहने बर्फात अडकून पडली आणि लोकांना रात्र गाडीतच काढावी लागली. अडकलेल्या गाडीचे इंजिन चालू ठेवावयाचे असेल, तर धूर बाहेर टाकणारी नळी बर्फाने बुजलेली नाही ना, हे उतरून पुनःपुन्हा पाहावे. ती बुजली तर विषारी वायू गाडीत शिरतो. त्याला वास नसतो, म्हणून माणूस झोपेतच जातो.

घरातही धोका आहे. जपानी घरांत बहुधा एकच खोली तापविलेली असते. स्नानगृह व मधली वाट गारठलेली असते. गार खोलीत कपडे उतरवून एकदम कढत पाण्याच्या टबात बसल्याने रक्तदाब झपाट्याने वरखाली होतो, आणि दर हिवाळ्यात पुष्कळ वृद्ध माणसे अशा रीतीने न्हाणीतच प्राण गमावितात. पाणी ४१ अंशांपेक्षा अधिक कढत नसावे आणि दहा मिनिटांपेक्षा अधिक वेळ त्यात बसू नये, असा तेथील सल्ला आहे. मुलाकडे राहावयास गेलेल्या आपल्या आजी-आजोबांनी तो अवश्य पाळावा. रॉकेलची शेगडी पेटविल्यास मधूनमधून खिडकी उघडावी. पारा उणे ४ अंशांखाली जाणार असेल, तर बाहेरील नळांना जुने कापड गुंडाळून ठेवावे; गोठलेल्या नळावर उकळते पाणी ओतू नये, तो फुटतो. रुग्णवाहिका हवी असल्यास ११९ हा क्रमांक फिरवावा.

तेव्हा पुढच्या खेपेस "इथे फारसा बर्फ नाही पडत" असे उत्तर आले, तर मातापित्यांनी तेवढ्यावर दूरध्वनी ठेवू नये. "या आठवड्याचा इशारा वाचलास का? घरात दोन दिवसांचे खाणे आणि पाणी आहे का?" एवढे दोन प्रश्न आणखी विचारावेत. हिवाळ्याची सरासरी कितीही सौम्य असो, माणसाला गाठते ती एखादीच रात्र. त्या रात्री आपली मुले सुखरूप व उबेत असोत, हीच आमची सदिच्छा.