अ‍ॅप विकले, पण हाती किती आले?

शेतकरी कांद्याच्या गोणी बाजारात नेतो तेव्हा विक्रीनंतर त्याला एक कागद मिळतो. त्याला 'पट्टी' म्हणतात. माल कितीला विकला गेला ते पट्टीत वर असते. हमाली, तोलाई वगैरे वजा जाऊन खरोखर किती मिळाले ते अगदी खाली. जाणता शेतकरी आधी खालचा आकडा पाहतो. मोबाइलवरील अ‍ॅप विकणाऱ्यालाही अशीच पट्टी मिळते. ती कशी वाचावी ते आज पाहू या.

अ‍ॅप म्हणजे मोबाइलला काम सांगणारी आज्ञावली. ती एकट्याने घरी बसून लिहिता येते, आणि एकदा लिहिली की तिच्या हजारो प्रती काढण्यास जवळजवळ खर्च येत नाही. मग ती साऱ्या जगाला विकून श्रीमंत का होऊ नये? अडचण कोठे येते?

पहिली अडचण बाजारात शिरण्याची. 'अ‍ॅपल' कंपनीचे अ‍ॅपचे दुकान १० जुलै २००८ रोजी उघडले, तेव्हा तेथे सुमारे ५०० अ‍ॅप होते. आज तेथे दहा लाखांहून अधिक आहेत. या गर्दीत तुमचे अ‍ॅप गिऱ्हाइकाच्या नजरेस पडणेच कठीण. शिवाय एक प्रतही विकली गेली नाही तरी नोंदणीचे शुल्क भरावेच लागते. विक्रीचा हक्कही सर्वांना एकदम मिळाला नाही. सप्टेंबर २०१० मध्ये 'गूगल'ने आपल्या दुकानात पैसे घेऊन अ‍ॅप विकण्याची मुभा ९ ऐवजी २९ देशांतील निर्मात्यांना दिली, पण त्यांत भारत नव्हता. त्या वेळी भारतीय माणूस तेथे अ‍ॅप विकत घेऊ शकत होता, विकू मात्र शकत नव्हता!

आता पट्टी मांडू. समजा, हंगेरीतील एका गिऱ्हाइकाने तुमच्या अ‍ॅपसाठी १२७ रुपयांइतकी रक्कम मोजली. युरोपीय संघात १ जानेवारी २०१५ पासून अशा विक्रीवर गिऱ्हाइकाच्या देशाचा कर लागतो, आणि हंगेरीत तो २७ टक्के आहे. म्हणजे २७ रुपये तेथील सरकारचे, उरले १००. यातून दुकानाची दलाली जाते. प्रारंभी ती ३० टक्के होती. २०२१ मध्ये दोन्ही कंपन्यांनी छोट्या निर्मात्यांसाठी ती १५ टक्क्यांवर आणली. तीच धरली तर उरले ८५. विक्रीचा दिवस आणि पैसे हाती येण्याचा दिवस यांत काही आठवडे जातात. तेवढ्यात चलनाचा दर हलला, तर ८५ चे ८३ होतील किंवा ८७ सुद्धा! त्यानंतर बँकेचा आकार आणि आपल्या देशाचा प्राप्तिकर. एकाच उत्पन्नावर दोन देशांनी कर घेऊ नये म्हणून देश आपसांत करार करतात. भारत आणि अमेरिका यांच्यात असा करार १९८९ मध्ये झाला. परंतु त्याचा लाभ घ्यायचा तर कागदपत्रे निर्मात्यालाच भरावी लागतात.

किंमत किती ठेवावी हाही प्रश्नच. अमेरिकेत एक डॉलर ही किरकोळ रक्कम. आपल्याकडे तेवढ्यासाठी पुष्कळ जण विचार करतील. म्हणून २०१५ मध्ये गूगलने भारतातील किमान किंमत ५० रुपयांवरून १० रुपयांवर आणली. त्या वेळच्या ३० टक्के दलालीने निर्मात्यास १० रुपयांतले फार तर ७ मिळत. महिन्याला ७,००० रुपये मिळवायचे तर १,००० गिऱ्हाइके हवीत; आणि अ‍ॅप एकदाच विकत घेतले जात असल्यामुळे पुढच्या महिन्यात नवी १,००० हवीत!

शेवटची अडचण नकलेची. अशर व्हॉल्मर आणि ग्रेग वोल्वेंड यांनी सुमारे चौदा महिने खपून 'थ्रीज' हा अंकांचा खेळ केला आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये तो विक्रीस आणला. लगेच त्यासारखे खेळ निघू लागले. मार्चमध्ये इटलीतील १९ वर्षांच्या गॅब्रिएले चिरुली याने याच धर्तीचा '२०४८' हा खेळ काही दिवसांत रचला आणि फुकट दिला. जगभर गाजला तो हा दुसराच. यात कायदा आड आला नाही, कारण स्वामित्वहक्क आज्ञावलीला, चित्रांना, शब्दांना मिळतो. नुसत्या कल्पनेला मिळत नाही.

तर मग अ‍ॅप करूच नये काय? अवश्य करावे. आज्ञावली लिहिताना जी बुद्धी तयार होते तिच्यावर कोणी दलाली घेत नाही. मात्र त्याच्या जोरावर शिक्षण किंवा नोकरी सोडण्यापूर्वी पट्टीचा खालचा आकडा जरूर पाहावा.

करून पाहा : लक्झेंबर्गमध्ये हा कर १७ टक्के आहे. तेथील गिऱ्हाइकाने १२७ रुपयेच मोजले, तर दलालीनंतर किती उरतील? सांभाळा, १२७ चे १७ टक्के वजा करायचे नाहीत. १२७ ला १.१७ ने भागायचे. उत्तर सुमारे ९२ रुपये २६ पैसे आले पाहिजे. असे का, ते वर्गात सरांना किंवा बाईंना समजावून सांगा!