लिंडाऊच्या बंदरात पाऊस

डावीकडे दीपस्तंभ, उजवीकडे दगडी सिंह आणि मधल्या फटीतून बंदरात शिरायचं. आमची बोट तोंडाशी येते आणि आतून पांढरी प्रवासी बोट बाहेर पडते. तिच्यावर हिरवा गोळा टांगलेला आहे, म्हणजे आधी वाट तिला. आम्ही भर पावसात बाहेरच घिरट्या घालतो. बोटीचे मालक, माझ्या नवऱ्याचे ऑफिसातले जुने सहकारी, सुकाणू न सोडता म्हणतात, "घाई नाही."

घाई आहे. मघाशी काठावरचा नारिंगी दिवा मिनिटाला 40 वेळा लुकलुकत होता, आता 90 वेळा. चाळीस म्हणजे जोराचा वारा येतोय, जपून. नव्वद म्हणजे वादळ. आपल्याकडे बंदरावर तीन नंबरचा बावटा चढतो ना, तशातलंच हे. फरक एवढाच, की असे दिवे जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड अशा तिन्ही काठांवर लागतात. म्हणायला तळं, पण बोडनझेचं पाणी 536 चौरस किलोमीटर पसरलंय. पश्चिमेचा वारा सुटला की लाटेला धाव घ्यायला जागाच जागा.

आत शिरलो. जागांवर पाट्या आहेत : हिरवी म्हणजे रिकामी, लाल म्हणजे मालक परतणार. हिरवी शोधताना चष्म्यावरून पाणी ओघळतंय. "अगं, दोर फेक!" नवरा ओरडतो. पहिला फेकलेला दोर पाण्यात. भिजलेला दोर हाताला दुप्पट जड लागतो आणि तळव्यात काचतो. शेजारच्या बोटीवरच्या आजीबाई छत्री मिटतात, दुसरा दोर झेलतात, खुंटाला इंग्रजी आठाच्या आकड्यात तीन वेढे देतात आणि पुन्हा छत्री उघडून आत जातात. एक शब्द नाही.

केबिनमध्ये आता तीन ओले कोट, आलं घातलेला चहा आणि डब्यातलं भडंग. मालक भडंग चमच्याने खातात. कपबशा विसळलेलं पाणीसुद्धा तळ्यात टाकायचं नाही, ते टाकीत साठवायचं आणि बंदरात उपसून द्यायचं. संडासाचं तर बोलायलाच नको. मला हा जाच वाटत नाही. सिपलिंगेनजवळ 60 मीटर खोलीवरून ह्याच तळ्याचं पाणी उचलतात आणि ते स्टुटगार्टपर्यंत, आमच्या घरच्या नळापर्यंत येतं.

पाऊस जरा उणावतो, म्हणून धक्क्यावर चक्कर मारते. सिंह बव्हेरियाचा, सहा मीटर उंच. समोरचा दीपस्तंभ 33 मीटर, 1856 सालचा, गावाच्या बाजूला त्याला घड्याळही आहे. सिंहाचं तोंड तळ्याकडे, त्यामुळे धक्क्यावरच्या सगळ्या फोटोंत त्याची पाठच येते. तरी रेनकोटातली माणसं रांगेने फोटो काढतायत. तोंड बघायचं तर पाण्यावरूनच यावं लागतं. आज ते दर्शन आम्हाला जरा जास्तच वेळ घडलं.

परतते तर दिवा पुन्हा चाळीसवर आलाय. नवऱ्याला वाटतं, निघावं. ब्रेगेंझ समोर दिसतंय. मालक मान हलवतात, रात्रीचा मुक्काम इथेच. सकाळी वारा पडला तर बोटीने, नाही तर रेल्वेने. स्टेशन धक्क्याला लागूनच आहे.